जीवक आणि शस्त्रक्रियेतील वेदना

पितळखोरा लेण्यात राजवैद्य मगिल याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. महाराष्ट्रातील वैद्यांचे संघाशी असलेले नाते त्यातून दिसते. बौद्ध परंपरेतील आदर्श वैद्य मात्र जीवक. तो भूल देत असे, असे पुष्कळदा सांगितले जाते; महावग्गात तसे नाही. तेथे जीवकाने राजगृहाच्या श्रेष्ठीस मंचकाशी बांधले, कवटीचा सांधा उघडून दोन किडे काढले, त्वचा शिवून लेप लावला. दोन्ही कुशींवर व उताणे प्रत्येकी सात महिने निजण्याचे वचन आधीच घेतले होते. श्रेष्ठीला सात-सात दिवसच सोसले, आणि तेवढ्यातच तो बरा झाला. जीवकाने हे आधीच ओळखले होते.

मोहचूर्णाने बेशुद्ध करून कवटी उघडल्याची कथा सोळाव्या शतकातील भोजप्रबंधात, राजा भोजाविषयी आहे. ती जीवकास चिकटवू नये. विनयाच्या संकलकांनी रुग्णाची वेदना लपविली नाही; दुःख हे आर्यसत्य मानणाऱ्या परंपरेस हेच शोभते.