दिनविशेष : १० जानेवारी १९७४

मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथर या दलित तरुणांच्या लढाऊ संघटनेने बहिष्कार पुकारल्यानंतर ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत झालेली तिची सभा दगडफेक आणि पोलिसांच्या लाठीमारामुळे उधळली गेली, संघटनेचे नेते राजा ढाले जखमी झाले आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळींत, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीत, दंगल पेटली. भायखळ्यालगतच्या कामाठीपुऱ्यात वाढलेले कवी नामदेव ढसाळ आणि ढाले यांच्या या संघटनेने १० जानेवारीला पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ मोर्चा काढला. परळ भागात त्यावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा कार्यकर्ता मृत्युमुखी पडला.

संघटनेचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून, म्हणजे कृष्णवर्णीयांवरील पोलिसी हिंसेला उत्तर म्हणून १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेल्या पक्षावरून, घेतलेले होते. मात्र तेथील कार्यकर्ते शस्त्रे घेऊन पोलिसांवर पाळत ठेवत, तर मुंबईतील पँथरची खरी ताकद सभा, मोर्चे आणि जळजळीत लेखणी हीच होती, हा फरक नामसाम्यामुळे अनेकदा विसरला जातो. पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत होऊन कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या, आणि दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमण्यात आला.