जोखमीची कदर आणि वारसाचा हक्क : अहमदनगर जिल्ह्यातील सार्वजनिक चाकरीचा इतिहास

स्थानिक स्वराज्य संस्थांतील नोकरांची सुरक्षितता आणि त्यांच्या सेवेची कदर हे दोन विषय आजच्या कारभारात वेगवेगळ्या फायलींत असले, तरी इतिहासात ते फार काळ एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होते. गावाचे वा शहराचे धोक्याचे काम एखाद्या घराण्याकडे सोपवायचे, त्या कामात होणारी हानी गृहीत धरायची आणि मोबदला म्हणून त्या घराण्याला पिढीजात हक्क द्यायचा, अशी ही पद्धत होती. 2024 पासून अधिकृतपणे अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यात तिचे टप्पे बऱ्याच सलगपणे पाहता येतात. गावची राखण करणारा जागल्या, वेशीवरचा महार, नगरपालिकेचा झाडूवाला आणि महानगरपालिकेचा सफाई कामगार यांची कामे, जाती आणि काळ निरनिराळे असले, तरी त्यांच्या जोखमीची दखल बहुधा वारसाच्या पदरात काहीतरी घालूनच घेतली गेली, आणि जोखीम मात्र जागच्या जागी राहिली.

या पद्धतीचा सर्वांत जुना दृश्य पुरावा म्हणजे वीरगळ, म्हणजेच लढताना पडलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. यादवकाळातील आणि त्यानंतरच्या अशा शिळा महाराष्ट्रात गावोगावी मंदिरांच्या आवारात, पाराखाली किंवा वेशीजवळ आढळतात. त्यांची मांडणी साधारणतः ठरलेली असते. तळाच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दाखवलेला असतो आणि गोधनाच्या रक्षणासाठी तो मेला असेल तर तिथेच गायी कोरलेल्या असतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिकेल, असा त्या चिन्हांचा अर्थ असून हीच चिन्हे दानपत्रांच्या शिळांवरही कोरली जात. शिळेवरचा वीर आजच्या अर्थाने कोणाचा नोकर नव्हता, हे खरे. परंतु गावासाठी पत्करलेल्या मरणाची नोंद गावाने सार्वजनिक जागी ठेवावी, ही कल्पना येथे पूर्णपणे आकाराला आलेली दिसते. पुढे मराठेशाहीत या नोंदीला उत्पन्नाची जोड मिळाली आणि चाकरीत कामी आलेल्या माणसाच्या मुलांच्या संगोपनासाठी बालपरवेशी या नावाने जमीन वा नेमणूक देण्याची चाल रूढ झाली.

गावपातळीवर हाच व्यवहार वतनाच्या रूपाने चालत असे. वतन म्हणजे विशिष्ट कामाच्या मोबदल्यात घराण्याकडे वंशपरंपरेने चालणारा हक्क, ज्यात इनाम जमीन, खळ्यावर मिळणारे बलुते आणि सणासुदीचे मानपान यांचा समावेश असे. नगर जिल्ह्याच्या अनेक भागांत गावची राखण रामोशी, भिल्ल किंवा कोळी घराण्यांकडे असे. चोरी झाल्यावर जागल्याने चोराचा माग काढायचा, पावलाचे माप काडीवर घेऊन तो माग शिवेपर्यंत न्यायचा आणि तेथून पुढची जबाबदारी शेजारच्या गावाच्या रखवालदारावर सोपवायची, असा रिवाज होता. पेशवाई संपल्यानंतर 1819 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाबाबत जो अहवाल लिहिला, त्यातही या जबाबदारीचे वर्णन आले असून, माग गावातच अडला तर चोरीची भरपाई जागल्याला ऐपतीप्रमाणे आणि उरलेली गावाला करावी लागे, असे त्यावरून कळते. म्हणजे रात्रीच्या अंधारात शस्त्रधारी चोरांना सामोरे जाण्याची जोखीम जागल्याची होतीच, शिवाय अपयशाचा दंडही त्याच्याच माथी होता, आणि या दुहेरी ओझ्याचा मोबदला त्याच्या मुलाला तेच काम मिळण्यात सामावलेला होता.

महार वतनाची स्थिती याहून बिकट होती, कारण त्यातील कामांना सीमाच नव्हती. वेशीवर पहारा देणारा वेसकर, सरकारी सारा ठाण्याला पोचवणारा, टपाल नेणारा, शिवेच्या तंट्यात साक्ष देणारा, फिरतीवरच्या अंमलदाराची सरबराई करणारा आणि मेलेली जनावरे ओढून नेणारा माणूस एकाच घराण्यातून यावा, अशी गावाची अपेक्षा असे. कुजू लागलेले जनावर हाताळताना होणारा संसर्ग, रात्रीबेरात्री खजिना घेऊन करावा लागणारा पायी प्रवास किंवा शिवेच्या भांडणात दोन्ही बाजूंचा ओढवणारा रोष यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात वेगळा मांडला जात नसे, कारण वतन मिळाले म्हणजे सर्व काही पावले, असे मानले जाई.

इंग्रजी अंमलात ही व्यवस्था मोडली नाही, उलट ती कायद्यात बसवण्यात आली. 1818 नंतर अहमदनगरचा पहिला कलेक्टर म्हणून कॅप्टन हेन्री पॉटिंजर आला तेव्हा सरकारचा वसूल आणि बंदोबस्त गावच्या वतनदारांवरच अवलंबून होता आणि पुढील दशकांतही हे अवलंबित्व फारसे कमी झाले नाही. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, म्हणजेच सामान्यतः ज्याला वतन कायदा म्हणतात त्याने, पाटील-कुलकर्ण्यांबरोबर कनिष्ठ गावनोकरांच्या वतनांनाही कायदेशीर चौकट दिली. यामुळे महार हा सरकारचा नोकर ठरला, पण त्याचा पगार मात्र मुख्यतः जुन्या इनाम जमिनीतून आणि गावकऱ्यांच्या बलुत्यातूनच भागत राहिला. सरकारी नोकराला असणारे कामाचे तास, रजा आणि ठरलेले वेतन यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आले नाही.

या विसंगतीवर पहिला नेमका आघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. मार्च 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि महाराला दिवसरात्र केव्हाही कामाला बोलावले जाते, तो गैरहजर असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावे लागते आणि एवढे करून सरकार त्याला जवळजवळ काहीच देत नाही, ही वस्तुस्थिती सभागृहापुढे ठेवली. कामांची निश्चिती व्हावी, मोबदला रोख मिळावा आणि ज्याला वतन सोडायचे असेल त्याला जमीन राखून मोकळे होता यावे, अशी त्यांची मागणी होती. विधेयक निवड समितीच्या फेऱ्यातून गेल्यावर मागे घ्यावे लागले, परंतु प्रश्न मागे पडला नाही. डिसेंबर 1939 मध्ये याच जिल्ह्यातील हरेगाव येथे, जे आज श्रीरामपूर तालुक्यात मोडते, महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि वतन जमिनींवरील जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, वाढवण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध आंबेडकरांनी तेथे आवाज उठवला. काम तेवढेच ठेवून मोबदला घटवण्याच्या या प्रकारावर हरेगावात जो संताप प्रकट झाला, तो केवळ जमिनीपुरता नव्हता, तर पिढीजात चाकरीच्या संपूर्ण हिशेबाविरुद्ध होता. अखेर 1958 च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने 1 ऑगस्ट 1959 पासून ही वतने संपुष्टात आली, जमिनी कब्जेहक्काची रक्कम घेऊन नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या आणि गावकामासाठी मानधनावरचा कोतवाल आला.

गावात वतन संपत असताना शहरात मात्र तसाच व्यवहार वेगळ्या रूपात मूळ धरून होता. अहमदनगरची नगरपालिका 1854 मध्ये, म्हणजे 1850 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या आरंभीच्या नगरपालिकांच्या पिढीत, अस्तित्वात आली आणि रस्ते झाडणे व संडासांतील मैला वाहून नेणे ही कामे हळूहळू सार्वजनिक संस्थेच्या कक्षेत येऊ लागली. त्या काळातील टोपलीच्या संडासांत मैला खालच्या कप्प्यात साचे आणि कामगाराला मागच्या बोळातून शिरून तो पत्र्याने खरडून पाटीत भरावा लागे. पाटी डोक्यावर घेतली की पावसाळ्यात ती गळून मैला अंगावर ओघळे. या कामावर येणारी कुटुंबे ठरावीक जातींतील असत आणि अनेक ठिकाणी घरांचे समूह कुटुंबाकुटुंबांत वाटून घेतलेले असत. हा वाटा वारसाला मिळे, प्रसंगी विकलाही जाई. केंद्र सरकारने नेमलेल्या मलकानी समितीला 1966 च्या सुमारासही या रूढ हक्कांच्या निर्मूलनाचा विचार करावा लागला, यावरून त्यांची मुळे किती खोल होती हे ध्यानात येते.

झाडूकामाला जातीपासून सोडवण्याचा एक लक्षणीय प्रयत्न या जिल्ह्याच्या सुपुत्राने केला. पारनेर येथे 1880 मध्ये जन्मलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट, हे परदेशातून बाँबविद्या शिकून आलेले क्रांतिकारक म्हणून प्रसिद्ध असले, तरी पहाटे झाडू आणि टोपली घेऊन रस्ते व शौचकूप साफ करण्याचे व्रत त्यांनी स्वतः घेतले होते. 1920 मध्ये मुंबईतील झाडूवाल्यांच्या संपात ते उतरले आणि झाडू-कामगार मित्रमंडळाच्या द्वारे त्यांनी या कामगारांची बाजू लावून धरली. समाजसेवकाने झाडू हाती घेतल्याने कामाची अप्रतिष्ठा काही अंशी कमी होते. संपाने त्याहून मोठी गोष्ट साधली, कारण झाडूवाला हा दयेचा विषय नसून पगारासाठी वाटाघाट करू शकणारा नोकर आहे, हे त्यातून पुढे आले.

कायद्याने भरपाईचे तत्त्व स्वीकारले ते 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघातात मृत्यू वा अपंगत्व आल्यास मालकाने ठरावीक रक्कम द्यावी, हे त्याचे सूत्र होते. तथापि मैल्याच्या कामात माणूस एका अपघाताने क्वचित मरतो. त्वचारोग, जंत, कावीळ आणि श्वसनाचे विकार त्याला वर्षानुवर्षे पोखरतात आणि अशा झिजेचा दावा मांडणे फार अवघड असते. मुंबई सरकारने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या कामगारांच्या राहणीची आणि कामाच्या पद्धतीची पाहणी केली, तेव्हा भरपाईच्या पुढे जाऊन काम करण्याची रीतच बदलण्याचा विचार प्रथमच शासकीय पातळीवर ठळकपणे मांडला गेला. पुढे डोक्यावरच्या पाटीऐवजी चाकाच्या गाड्या पुरवण्याच्या केंद्रीय योजना आल्या.

महाराष्ट्रातील सफाई कामगारांच्या दृष्टीने त्यानंतरचा निर्णायक टप्पा म्हणजे लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशी, ज्यांची अंमलबजावणी 1970 च्या दशकापासून सुरू झाली आणि ज्यांच्या तरतुदी 24 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने एकत्रित करण्यात आल्या. सर्वसाधारण अनुकंपा नियुक्ती ही सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबासाठी असते. लाड-पागे पद्धतीत मात्र सफाई कामगार निवृत्त झाला, स्वेच्छेने बाहेर पडला किंवा प्रकृतीमुळे अपात्र ठरला तरी त्याच्या वारसाला नोकरी मिळू शकते. ज्या घरांत दुसरे उत्पन्न नाही, त्यांना या हक्काने पक्की नोकरी, निवृत्तिवेतन आणि पालिकेच्या चाळीतले छप्पर टिकवून ठेवता आले, हे नाकारता येणार नाही. परंतु घाणीत केलेल्या सेवेचे बक्षीस म्हणून त्याच घाणीतील जागा पुढच्या पिढीला मिळावी, यात जुन्या वतनाचा आराखडा जसाच्या तसा उतरला आहे. शिकलेल्या वारसाला त्याच्या पात्रतेनुसार वरचे पद मिळावे, हा आग्रह संघटनांनी धरला तो याच जाणिवेतून.

2003 मध्ये अहमदनगर महानगरपालिका झाली. त्याआधी 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांनी ग्रामीण कारभार हाती घेतला होता. या संस्थांनी गुणगौरवाची नवी परंपरा रुजवली. आदर्श ग्रामसेवक, आदर्श शिक्षक यांसारखे पुरस्कार आणि 2000-01 मध्ये सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान ही तिची ठळक उदाहरणे होत. मात्र अभियानाचे बक्षीस गावाला मिळते आणि फलकावर नावे पदाधिकाऱ्यांची येतात, तर गटार उपसणारा आणि पाण्याच्या टाकीवर चढून औषध टाकणारा ग्रामपंचायतीचा अर्धवेळ नोकर सत्काराच्या शालीपासून दूरच राहतो. कोविडच्या साथीत राज्य शासनाने 29 मे 2020 रोजी कर्तव्यावर मृत्यू पावणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी 50 लाख रुपयांचे कवच जाहीर केले आणि त्यात स्थानिक संस्थांच्या नोकरांचाही विचार केला. पण हेही साहाय्य मृत्यूनंतरचेच होते.

भुयारी गटार आणि सेप्टिक टँक यांच्या वाढीबरोबर जोखमीचे स्वरूपही बदलले. बंद टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास देतो, परंतु त्याचे प्रमाण वाढताच नाकाची वास ओळखण्याची शक्ती बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला, असा घातक समज होतो. पहिला माणूस कोसळल्यावर त्याला काढायला दोरीशिवाय उतरणारा दुसराही त्यामुळेच दगावतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशा टाक्यांत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी 10 लाख रुपये आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपये भरपाई ठरवून दिली. याच काळात महाराष्ट्रातील बहुतेक पालिकांत सफाईचे काम ठेकेदारांकडे जाऊ लागले आणि एक नवी फट पडली. लाड-पागेचा वारसाहक्क कायम कामगाराकडे राहिला, प्रत्यक्ष झाकण उघडणारा मात्र रोजंदारीवरचा माणूस झाला. वतनदाराला निदान जोखमीच्या बदल्यात हक्क होता. ठेक्यावरील कामगाराकडे जोखीम आली ती हक्काशिवाय.

म्हणून या जिल्ह्याच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. भरपाईची रक्कम वाढवणे, वारसाला सामावून घेणे आणि शाल-श्रीफळ देणे ही सर्व पावले न्याय्य असली, तरी त्यांनी कामाचा धोका कमी केलेला नाही. धोका कमी झाला तो कामाच्या रचनेलाच हात घातला गेला तेव्हा, जसा 1958 च्या कायद्याने वेठीचे बंधन तुटल्यावर किंवा पाटीचा संडास जाऊन पाण्याचा संडास आल्यावर. पुढची कसोटीही हीच राहील. पालिकेच्या दप्तरात अपघाताची, आजाराची आणि थोडक्यात टळलेल्या दुर्घटनेचीही नोंद कायम आणि ठेक्यावरच्या कामगारांसाठी एकाच वहीत ठेवली जाते का, त्या नोंदीवरून काम थांबवण्याचा अधिकार मुकादमाला मिळतो का, आणि वारसाला नोकरी देताना ती वेगळ्या, सुरक्षित कामाची असू शकते का, यावर सेवेची खरी कदर मोजता येईल.