भातझोडणीची धूळ आणि हंताव्हायरस: भोर-वेल्ह्यातल्या मजुरांचं रक्त तपासायचं म्हणजे काय करायचं?

हंताव्हायरस हे नाव सोशल मीडियावर अधूनमधून उसळतं आणि दोन दिवसांत विरून जातं. मार्च २०२० मध्ये चीनच्या युनान प्रांतातून कामावर निघालेला एक माणूस बसमध्ये दगावला, त्याची हंताची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि ऐन कोरोनाच्या धास्तीत ‘आता हा नवा व्हायरस’ असा हॅशटॅग फिरला. मार्च २०२५ मध्ये हॉलिवूड अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा यांचा मृत्यू याच विषाणूमुळे झाल्याचं न्यू मेक्सिकोतल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं, तेव्हा पुन्हा तेच झालं. या गोंधळात ज्यांना हा विषाणू गाठण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यांची आठवण फारशी कुणाला झाली नाही. ही माणसं भातखाचरात, खळ्यावर आणि धान्याच्या गोदामात काम करतात.

हा विषाणू येतो कुठून?

हंता हा एकच विषाणू नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. उंदीर, घुशी आणि चिचुंद्र्या त्याला अंगावर वागवतात आणि स्वतः मात्र आजारी पडत नाहीत. त्यांच्या लघवीतून, लेंड्यांतून आणि लाळेतून तो बाहेर पडतो. हे सगळं वाळून धुळीत मिसळलं आणि ती धूळ श्वासातून आत गेली, की माणसाला लागण होऊ शकते. उंदीर चावूनही होते, पण क्वचित. माणसाकडून माणसाकडे पसरण्याचे ठोस पुरावे आहेत ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज विषाणूचे. त्यामुळे ‘पुढची महामारी’ वगैरे फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी थांबलेलं बरं.

कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांचे तीन हजारांवर सैनिक ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंड बिघडल्याने आजारी पडले होते. त्यामागचा विषाणू १९७६ मध्ये हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञाला शेतातल्या उंदरात सापडला. जवळच्या हंतान नदीवरून त्याचं नाव पडलं. गंमत म्हणजे याच कुटुंबातला एक विषाणू त्याआधीच भारतात हाती लागला होता. १९६४ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला, जपानी मेंदूज्वराचा शोध घेताना, एका चिचुंद्रीतून तो वेगळा करण्यात आला. थोट्टापलायम असं त्याचं नाव. तो हंताच्या कुटुंबातला आहे हे कळायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली.

मग भोर-वेल्हेच का?

भोर आणि वेल्हे (म्हणजे आताचा राजगड तालुका) हा सह्याद्रीच्या कुशीतला, धो-धो पावसाचा, भाताचा मुलूख. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी अशी धरणं आणि त्यांच्या वरच्या अंगाला उतारावरची खाचरं. खाचराच्या बांधात उंदरांची बिळं असतात. बांध फुटून पाणी वाहून गेलं, की शेतकरी आधी त्यांनाच शिव्या घालतो. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, पेंढ्यांची उडवी रचली जाते आणि मग झोडणी. उडवी मोडताना तळातून उंदीर पळतात आणि वाळलेल्या लेंड्यांसकट सगळी धूळ झोडणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. पुढे धान्य कणगीत आणि पेंढा माळ्यावर जातो. उंदीरही त्यामागोमाग घरात येतात.

या दोन्ही तालुक्यांत कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडणाऱ्या तीन जमातींपैकी ही एक. शेतातली बिळं खणून उंदीर पकडणं आणि बिळात साठलेलं धान्य काढून घेणं हे कातकऱ्यांचं जुनं कौशल्य आहे, आणि त्यात शेतकऱ्याचाही फायदा असतो. तमिळनाडूतली इरुळा जमात हेच काम करते. तिथल्या संशोधकांनी इरुळा आणि धान्यगोदामातले कामगार यांचं रक्त तपासलं, तेव्हा काही जणांत हंताविरोधी प्रतिपिंडं मिळाली. काम तेच असेल, तर प्रश्न इथेही विचारायला हवा.

तो विचारण्याचं दुसरं कारण दवाखान्यात सापडतं. पावसाळ्यात ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, लघवी कमी अशी तक्रार घेऊन माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आणि फार तर लेप्टो व स्क्रब टायफस, एवढ्यांची तपासणी होते. काहीच निघालं नाही की ‘व्हायरल’. हंताचा ताप लेप्टोसारखाच दिसतो. फरक हा, की लेप्टो जिवाणूमुळे होतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालतं. हंतावर तसं नेमकं औषध नाही. रक्तदाब, ऑक्सिजन आणि मूत्रपिंड सांभाळत, गरज पडली तर डायलिसिस देत रुग्णाला तारून न्यावं लागतं. त्यासाठी त्याला वेळेत मोठ्या रुग्णालयात हलवायला हवं. वेल्ह्याच्या आतल्या गावातून पुण्याला पोचायला लागणारा वेळ लक्षात घेतला, तर ‘व्हायरल आहे, घरी जा’ हे वाक्य किती महागात पडू शकतं ते कळेल.

चाचणीत काय शोधतात?

निरोगी माणसाचं रक्त तपासताना सहसा विषाणू शोधत नाहीत, कारण तो केव्हाच निघून गेलेला असतो. शोधायची ती त्याची पाऊलखूण, म्हणजे प्रतिपिंडं. आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं अलीकडची, काही आठवड्यांपूर्वीची लागण दाखवतात. आयजीजी वर्षानुवर्षं टिकतात. हातातून पाचेक मिलिलिटर रक्त घेतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि तो थंड डब्यातून प्रयोगशाळेत जातो. तिथे एलायझा चाचणी होते. अशा कामाला लागणारी संस्था पुण्यातच आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, १९५२ साली स्थापन झाली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला माकडताप याच संस्थेने शोधला होता. हाच आजार २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आला.

आयजीजी पॉझिटिव्ह आली, तर त्याचा अर्थ एवढाच: या माणसाची कधीतरी या विषाणूशी, किंवा त्याच्या एखाद्या भावंडाशी, गाठ पडली असावी. तो आजारी आहे किंवा दुसऱ्याला आजार देईल, असं त्यातून निघत नाही. अनेकांना साधा ताप येऊन गेलेला असतो, काहींना तोही नाही.

आणि ‘असावी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, एक हजार मजुरांत खरोखर लागण होऊन गेलेले २० आहेत. चाचणी इतकी चांगली आहे, की लागण नसलेल्या शंभरांपैकी ९७ जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरीही उरलेल्या ९८० जणांत सुमारे २९ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे खऱ्यांपेक्षा खोटे जास्त. म्हणून एलायझावर थांबता येत नाही. पॉझिटिव्ह नमुन्यांची दुसऱ्या, जास्त काटेकोर पद्धतीने फेरतपासणी करावीच लागते. उलट बाजूही आहे: बाजारातले किट बहुधा आशिया आणि युरोपातल्या ओळखीच्या विषाणूंवर बेतलेले असतात. चिचुंद्रीतला थोट्टापलायम त्यांच्यापेक्षा इतका वेगळा आहे, की अशा किटमधून तो निसटू शकतो. एका चाचणीच्या जोरावर ‘इथे हंता आहे’ किंवा ‘नाही’ अशी बातमी करणारा पत्रकार दोन्हीकडून फसतो.

चांगलं सर्वेक्षण त्यामुळे दोनदा रक्त घेतं, एकदा कापणीआधी आणि एकदा झोडणी उरकल्यावर. आधी निगेटिव्ह असलेला माणूस नंतर पॉझिटिव्ह आला, तर लागण याच हंगामातली हे कळतं. लागणीनंतर लक्षणं दिसायला एक ते आठ आठवडे लागू शकतात, हेही हिशेबात धरावं लागतं. सोबत पिंजरे लावून त्याच खाचरांतले, त्याच घरांतले उंदीर आणि चिचुंद्र्या तपासल्या जातात. तुलनेसाठी भोर शहरातले, शेतात न जाणारे लोकही लागतात, नाहीतर झोडणीचा दोष आहे की घरातल्या उंदरांचा हे सांगताच येणार नाही.

रिपोर्ट कुणाच्या हातात?

कागदावर सोपी वाटणारी ही योजना दिवाळीनंतर अडते. भाताचं काम संपलं की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टी आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत रिपोर्ट घेऊन वस्तीवर गेलेल्या माणसाला बंद झोपड्या दिसतील. रक्त दिलेल्याला निकाल कळला नाही, तर त्याच्या दृष्टीने ते रक्त ‘नेलं’ एवढंच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आदिवासींसारख्या गटांवर संशोधन करताना त्यांना समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणं आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक देणं बंधनकारक आहे. मुकादमाने रांगेत उभं केलेल्या मजुराची सही किंवा अंगठा म्हणजे संमती नव्हे. पुण्याला हे नव्याने सांगायची गरज नसावी. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या सोजिरांनी घराघरांत घुसून जी तपासणी केली, तिची चीड रोगाच्या भीतीपेक्षा जास्त काळ टिकली.

दुसरा धोका आजचा आहे. ‘उंदीर खाणाऱ्यांमध्ये व्हायरस’ असं एक थंबनेल पुरेसं आहे, मग त्या वस्तीच्या पोरांना शाळेत आणि बायांना कामावर कसं वागवलं जाईल ते वेगळं सांगायला नको. धूळ झोडणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात जाते, मग तो मराठा शेतकरी असो, महादेव कोळी असो की कातकरी. निकाल गावांच्या आणि जमातींच्या नावांनी न छापता कामांच्या नावांनी छापता येतात: झोडणी, गोदाम, बिळं खणणं.

सर्वेक्षण होवो न होवो, काही गोष्टी आजच करता येतात. बंद पडलेली खोली, माळा किंवा कणगीची जागा साफ करायची असेल, तर दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. लेंड्या कोरड्या झाडू नका. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा. झोडताना नाकातोंडाला मास्क लावा, नसेल तर निदान फडकं बांधा. त्याने बारीक धूळ पूर्ण अडत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. राजगड-तोरण्याच्या ट्रेकला जाऊन पायथ्याच्या बंद घरात पथारी टाकणाऱ्यांनाही हेच लागू. आणि झोडणीनंतर महिना-दीड महिन्यात जोराचा ताप आला, लघवी कमी झाली किंवा दम लागू लागला, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा: उंदरांच्या जागेत काम केलं होतं.