सुखाचे दिवस, कसोटीचे दिवस : जपानी ख्रिस्तसभेची साक्ष

पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय १३) प्रभू येशूने श्रद्धेपुढील दोन धोके दाखवले आहेत. खडकाळ जमिनीवरील रोप उन्हाने करपते. काट्यांमधील रोप गुदमरते. ऊन म्हणजे छळ, तर काटे म्हणजे संसाराची चिंता व धनाचा मोह. उन्हाची झळ सर्वांना जाणवते. काट्यांची वाढ मात्र सहसा ध्यानात येत नाही. जपानच्या ख्रिस्तसभेने हे दोन्ही ऋतू अनुभवले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे रक्त त्या भूमीत सांडले असल्याने हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले. पुढील काही दशके अनुकूल होती. ओमुरा सुमितादा या सरदाराने १५६३ मध्ये स्नानसंस्कार घेतला आणि १५८० मध्ये नागासाकी बंदर येशूसंघीयांच्या स्वाधीन केले. राजाश्रय लाभताच श्रद्धावंतांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु आश्रयावर उभी राहिलेली श्रद्धा आश्रयाबरोबर डळमळते. खुद्द सुमितादाचा पुत्र व वारस योशिआकी याने पुढे ख्रिस्ती श्रद्धेचा त्याग केला.

१५८७ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी याने धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर देहदंड देण्यात आला. त्यांत फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होते. १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. संशयितांना प्रभू येशूची वा पवित्र मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवण्याची सक्ती होई. १६४४ मध्ये अखेरचे धर्मगुरू रक्तसाक्षी झाले. त्यानंतर सुमारे दोनशे वीस वर्षे तेथे ना ख्रिस्तयाग होता, ना पापनिवेदन.

तरीही श्रद्धा टिकली. कशी? आमच्या मते याचे उत्तर छळापूर्वीच्या दिवसांत आहे. प्रापंचिकांचे श्रद्धासंघ तेव्हाच स्थापन झाले होते. धर्मगुरूंअभावी पूर्ण पश्चात्ताप कसा करावा, हे शिकवणारी पुस्तिका १६०३ मध्ये, म्हणजे देशव्यापी बंदीच्या अकरा वर्षे आधी, तयार झाली होती. गावोगावी एक जण सणांची दिनदर्शिका सांभाळी, दुसरा बालकांना स्नानसंस्कार देई. प्रार्थना आईवडिलांकडून मुलांकडे मुखोद्गत जात. भीतीपोटी प्रतिमा तुडवून आलेले पुष्कळ जण घरी परतून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. ही सारी माणसे शूर नव्हती. पण त्यांना घरची वाट ठाऊक होती.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये फादर पेतिजाँ यांच्याकडे आले. आपण एकाच श्रद्धेचे आहोत, असे सांगून त्यांनी पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, अशी विचारणा केली. पुढे त्यांच्यापैकी तीन हजारांहून अधिक जणांना हद्दपारी भोगावी लागली. १८७३ मध्ये बंदी उठली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने उराकामीचे कॅथेड्रल उद्ध्वस्त केले आणि तेथील बहुसंख्य श्रद्धावंत मृत्युमुखी पडले. उरलेल्यांनी १९५९ मध्ये ते पुन्हा उभारले.

संकट श्रद्धा निर्माण करत नाही. सुखाच्या दिवसांत जे साठवले असेल तेच संकटात कामी येते. म्हणून प्रश्न आपल्या आजच्या दिवसांचा आहे. आपल्या घरात जपमाळ किती जणांना पाठ आहे? पश्चात्तापाची प्रार्थना मुलांना कोण शिकवते? निकडीच्या प्रसंगी कोणतीही व्यक्ती ख्रिस्तसभेच्या हेतूने स्नानसंस्कार देऊ शकते, हे किती कुटुंबांना माहीत आहे? चर्चची दारे उघडी असताना या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवणे, हीच सुखाच्या दिवसांची खरी कृतज्ञता होय, असे आम्हांस वाटते.