कालव्याकांठची वारी

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिच्या जॉर्जटाउन भागांतून निघणारी एक मातीची वाट पोटोमॅक नदीच्या कांठाकांठानें कंबरलंड शहरापर्यंत १८४.५ मैल जाते. धर्मादाय कार्यासाठीं निधि जमविणारे सायकलस्वार या वाटेनें कित्येक दिवसांचा प्रवास करितात. त्यांच्या श्रमाकडे पाहून स्नेहीसोबती यथाशक्ति दान देतात. परंतु ही वाट सायकलींसाठीं बांधलेली नव्हे. ती होती खेचरांची.

४ जुलै १८२८ रोजीं अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनीं चेसापीक-ओहायो कालव्याच्या कामाचा मुहूर्त केला. त्याच दिवशीं बाल्टिमोर येथें बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचाहि पाया घातला गेला. पश्चिमेकडील व्यापार किनाऱ्याकडे आणावा, हा उभयतांचा हेतु. या शर्यतींत आगगाडी जिंकली. ती १८४२ सालींच कंबरलंडला पोहोंचली. कालव्याला १८५० साल उजाडलें, आणि ओहायो नदी न गांठतांच तो तेथें थांबला. पॉ पॉ येथील ३,११८ फूट लांबीच्या बोगद्याला आरंभापासून चौदा वर्षें लागलीं होतीं. तरीहि पुढें कोळशानें भरलेल्या नावा दोरानें ओढीत खेचरें वर्षानुवर्षें या वाटेनें चाललीं. १९२४ च्या महापुरानंतर वाहतूक कायमची थांबली व १९३८ सालीं सरकारनें कालवा विकत घेतला.

मग या मार्गावर मोटाररस्ता करण्याची योजना निघाली. १९५४ सालीं ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रानें तिला पाठिंबा दिला, तेव्हां सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं संपादकांना ही वाट आपल्यासह पायीं चालून पाहण्याचें जाहीर आव्हान दिलें. मार्च महिन्यांत आठ दिवस ही पदयात्रा चालली. सारा मार्ग पायीं पुरा करणारे अवघे नऊ निघाले. पण त्यानंतर पत्राचें मत पालटलें. १९७१ सालीं कालव्यास राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

व्यापाराच्या हिशेबांत हा कालवा तोट्याचाच ठरला. मात्र नावांसाठीं पाणी सपाट ठेवावें लागे. चढ काय तो ७४ ठिकाणीं, दुहेरी दरवाजांच्या पाणकोठ्यांपाशीं, पायरीपायरीनें घेतलेला. म्हणून खेचरांची वाटहि जवळजवळ सपाट राहिली. त्यामुळेंच आज कसलेल्या खेळाडूंच्या जोडीनें सामान्य प्रकृतीचा गृहस्थहि येथें सायकल हांकूं शकतो, आणि परोपकाराच्या कामांत आपले श्रम घालूं शकतो. मोटाररस्ता झाला असता, तर अंतर लवकर कापलें गेलें असतें. ही संधि मात्र उरली नसती.