अहमदनगर किल्ल्यातील स्थानबद्धता (१९४२–४५)

‘छोडो भारत’चा ठराव संमत होताच ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांना, निजामशाहीपासून वेढे सोसलेल्या आणि त्या वेळी लष्कराच्या ताब्यात असलेल्या या किल्ल्यात सरकारने ठेवले.  त्यांचे येथील बंड सरकारकडे अर्ज न करण्याचे होते. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मृत्युशय्येवर असता, सरकारकडे काही विनंती असल्यास ती तात्काळ पोहोचवू, असे बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने सुचवले, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद यांनी साफ नकार दिला. या अधिकाऱ्यास त्यांनी चांदबिबीच्या काळातील किल्लेदारावरून ‘चीताखान’ हे नाव ठेवले होते, हा त्यांच्या मिस्कीलपणाचा मासला. सहकाऱ्यांच्या अपरोक्ष व्हाइसरॉयला पत्र लिहून १९४४ मध्ये सुटलेल्या सहबंदी सय्यद महमूदांचे वर्तन अर्ज न करण्याच्या या भूमिकेमुळेच आझादांना जिव्हारी लागले. नेहरूंनी अंगणातील खडकाळ जमीन खणून फुलझाडे लावली आणि १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील बहुतेक पत्रेही येथलीच. १९४५ च्या वसंतात बंदिवानांची अन्यत्र रवानगी झाली.