वीस वर्षं व्याजाची

आमच्या जैनाबादला सकाळी तापीकाठी फिरायला निघालो की कुणी 'राम राम' म्हणतं, कुणी 'सलाम आलेकुम'. त्याचं उत्तर उलटं द्यायचं, 'वालेकुम सलाम', हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

१९७८ साली बँकेनं अलिबागला पाठवलं. इस्रायल आळीतल्या एक आजी दर शुक्रवारी पैसे काढायला यायच्या. नऊवारी, हातात बांगड्या, बोलणं अस्सल कोकणी वळणाचं. त्या बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. शनिवारी त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून पूर्वी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

मी विचारलं, तुमच्यात राम राम कसं करतात? म्हणाल्या, 'शालोम आलेखेम'. उत्तर? 'आलेखेम शालोम'. मी उडालोच! हे तर आमच्या जैनाबादचं! शालोम म्हणजे शांती. भेटताना तेच, निघतानाही तेच. शुक्रवारी संध्याकाळी 'शब्बाथ शालोम'.

१९४८ नंतर कोकणातली पुष्कळ घरं इस्रायलला गेली. आजींचा मुलगाही तिकडे, लोद गावी. विहीणबाई मूळ पोलंडच्या, त्यांची बोली यिडिश: बरीचशी जर्मनसारखी, लिपी मात्र हिब्रू. त्या 'गुट शाबेस' म्हणतात आणि निरोप घेताना 'झाय गेझुंट', म्हणजे तब्येत सांभाळा. आजी हसून म्हणायच्या, "बाकी काही कळत नाही, पण एवढं कळतं."

माझी मुलगी झाली तेव्हा पेढा घेत त्या म्हणाल्या, "मझाल तोव!" मझाल म्हणजे मुळात ग्रह-तारे; ग्रह चांगले असोत. पुढे म्हणाल्या, "१२० वर्षं जगो." मोशे तेवढं जगले, म्हणून हा आशीर्वाद. मी म्हटलं, "आजी, आम्ही शंभरच म्हणतो." त्या म्हणाल्या, "बँकवाला ना तू? वरची वीस व्याजाची धर."

वर्षभरानं त्यांनी खातं बंद केलं, मुलाकडे जायला. निरोपाला 'शालोम' म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं, पण काउंटरवरच्या गर्दीत राहूनच गेलं. त्या मात्र दारातून वळल्या आणि म्हणाल्या, "येते हो."

जाते म्हणाल्या नाहीत. शेवटी मराठीच.

तुमच्या आळीत कुणी असे शेजारी होते का? आठवत असेल तर जरूर लिहा. तोवर, शालोम.